मुरूम, कातळ आणि १/१० ची गाडी : प्रकल्प नोंदी

१५ सप्टेंबर २०२४

रिमोटवर चालणारी, खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाची गाडी करायचीय. कोणती घ्यायची हे नंतर बघू, ती चालणार कुठे हे आधी. लोक व्हिडिओ बघून पळणारी ट्रक मागवतात आणि मग तिला सपाट ग्राउंड शोधत हिंडतात. साताऱ्यात सपाट ग्राउंडचीच वानवा. चढ मात्र हवे तेवढे.

जागा अशा. 'चार भिंती' या टेकडीवरच्या स्मारकाच्या खालच्या अंगाचा उतार : सुटा मुरूम, त्यात मधेच काळ्या कातळाच्या पायऱ्या, कुठे चार बोटं तर कुठे वीतभर. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठचे गोटे, पण ते पाणी उतरल्यावर. आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे जाताना रस्त्याकडेचा जांभा. भोकाभोकांचा खडबडीत दगड, टायर मस्त धरतो, पण लाल धूळ असेल नसेल त्या फटीत शिरते.

कास या यादीत नाही आणि येणारही नाही. तिथे जांभ्यावर मातीचा नुसता पापुद्रा आहे, सगळी फुलं त्यातच. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात कासही आहे. दोन-अडीच किलोची गाडी काय नुकसान करणार, असं भाचा म्हणाला. चारी चाकं एकदम फिरली की मुरूम कसा उकरला जातो ते त्याला अंगणात दाखवीन.

२२ सप्टेंबर

भाचा नववीत आहे, त्याचं आधीच ठरलंय : ट्रॅक्ससची स्लॅश. गाडी चांगलीच आहे, वाद नाही. पण ती शॉर्ट कोर्स ट्रक, मोकळ्यावर उड्या मारायला आणि धूळ उडवत वळायला बनवलेली. कातळाच्या पायरीशी गेली की चाकाच्या आधी बंपर टेकतो. शिवाय उघडा डिफ, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर. एक चाक हवेत गेलं की तेच गरागरा फिरतं आणि जमिनीवरचं नुसतं बघत बसतं.

डब्ल्यूएल टॉइजची १२४२८ पण पाहिली. १/१२ मापाची, चारही चाकांना जोर, मागे सलग अ‍ॅक्सल, खिशाला परवडणारी. नको म्हणायचं कारण एकच : सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) पाच वायरींचा आणि रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा), ईएससी (मोटरचा वेग ठरवणारा) एकाच बोर्डावर. सर्व्हो बदलायचा म्हटलं की तिन्ही बदला. ज्याला गाडी आहे तशी चालवायची त्याला ठीक. आपल्याला तर उघडायचीच आहे.

मनातली गाडी टीआरएक्स-४. २०१७ साली आली तेव्हापासून बघतोय. पोर्टल अ‍ॅक्सल, दोन गिअर, रिमोटवरून डिफ लॉक. पोर्टल म्हणजे अ‍ॅक्सलचा दांडा चाकाच्या मध्यापेक्षा वर ठेवायचा आणि हबमधल्या गिअरने जोर खाली आणायचा. पोटाखाली जागा वाढते, शिवाय वेग कमी होऊन जोर वाढतो तो वेगळाच फायदा. खऱ्या गाड्यांत युनिमॉगला हेच असतं. पण किंमत बघितली आणि टॅब बंद केला.

ठरलं ते असं : ३१३ मिमी व्हीलबेसची सुटी चॅसिस. अ‍ॅक्सियलच्या एससीएक्स-१० टू च्या मापाची, लोखंडी रेल, दोन्ही अ‍ॅक्सल सलग आणि लॉक, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं कायम बरोबरच फिरणार. या मापाचे सुटे भाग दहा ठिकाणी मिळतात. उद्या अमुक कंपनी बंद पडली तरी आपली गाडी बंद पडत नाही. पंपाच्या मोटरी भरायच्या धंद्यात मी हेच शिकलोय, स्पेअर मिळतो तीच मोटर चांगली.

१२ ऑक्टोबर

दसरा. पार्सल दोन दिवसांपूर्वीच आलं होतं, पण मुद्दाम आज उघडलं. पान्हे, सोल्डर गन, वाइंडिंगचं मशीन आणि त्यांच्या शेजारी चॅसिसचे रेल. सगळ्यांना हळद-कुंकू, आपट्याचं पान. आई म्हणाली, "हे काय नवीन?" म्हटलं, हत्यारच आहे.

जोडताना दात मोजले. मोटरवरचा छोटा गिअर म्हणजे पिनियन, तो ज्याला फिरवतो तो मोठा स्पर. स्पर ५६, पिनियन १४, म्हणजे ४ ला १. गिअरबॉक्सच्या आत २.६. अ‍ॅक्सलमध्ये ३० आणि ८, म्हणजे ३.७५. तिन्हींचा गुणाकार ३९. मोटरचे ३९ फेरे तेव्हा चाकाचा एक. मोटर मिनिटाला १०,००० फेरे धरली तर चाक २५६. टायर ११० मिमीचा, म्हणजे एका फेऱ्याला साडेचौतीस सेंमी. मिनिटाला ८८ मीटर, ताशी सव्वापाच किलोमीटर. माणूस चालतो तेवढा वेग. भाच्याचं तोंड उतरलं, पण आकडा मला पटला. कातळावर याच्या निम्माही लागत नाही.

मोटर ५४० मापाची, ३५ टर्नची, ब्रशवाली. टर्न म्हणजे आर्मेचरच्या खाचेतले तारेचे वेढे. वेढे कमी आणि तार जाड केली की वेग वाढतो, करंटही वाढतो. वेढे जास्त असले की मोटर संथ आणि कमी करंटमध्ये जोर धरणारी. हे मला कुणी समजावायची गरज नव्हती.

थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव) फक्त लोखंडात लोखंड जातं तिथेच. प्लॅस्टिकवर सांडला तर काही प्लॅस्टिकला तडे जातात.

२० ऑक्टोबर

चार भिंतींखाली पहिली चाचणी. सपाटीला आणि मुरमावर छान. कातळाच्या पायरीला पुढची चाकं लागली, वर चढली आणि गाडी तशीच मागे उताणी. पुन्हा लावली तरी तेच. इथे मोटरचा जोर कमी नाही, वजन चुकीच्या जागी आहे.

घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुढची दोन चाकं ठेवली, मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर. पुढे १.१५ किलो, मागे १.२५. एकूण २.४. बॅटरी मागे आणि बॉडी उंच, त्यामुळे असं. चढावर वजन आणखी मागे सरकतं, मग पुढची चाकं नुसती टेकून राहतात. पुढे साठ टक्के तरी हवं.

आडवा कलही मोजला. फळीवर गाडी आडवी उभी केली, मोबाइलमधलं कोन मोजायचं अ‍ॅप लावलं आणि फळी हळूहळू उचलली. ३८ अंशांना कलंडली.

२६ ऑक्टोबर

वजन वाढवायचं तर अ‍ॅक्सलच्या खाली, स्प्रिंगच्या वर नाही. वर वाढवलं तर कलंडणं वाढतं. सगळ्यात चांगली जागा चाकाच्या आत.

आधी टायरच्या दुकानातून बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं आणून रिममध्ये लावून बघितली. चालतं, पण बीडलॉक रिम (टायर स्क्रूने आवळून धरणारी) उघडताना सुटून येतात. मग एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांकडे गेलो. पितळेच्या रिंगा : बाहेरून ४४, आतून ३६, जाडी १२ मिमी. हिशोबाने एक रिंग ५१ ग्रॅम. पितळ घ्यायचं कारण साधं, त्याच जागेत लोखंडापेक्षा थोडं जड बसतं, ॲल्युमिनियमच्या तर तिप्पट, आणि गंजत नाही. काकांनी पहिली रिंग कापली, तळहातावर घेऊन वजन बघितलं, म्हणाले, "खेळण्याला पितळ? एवढ्यात निरांजन झालं असतं की वो." पैसे मात्र भंगाराच्या दराने लावले. दुसरी रिंग कापताना स्वतःच कडा मोडून दिली, वर विचारलं, "चढती का पण?"

रिंगा दोन्ही पुढच्या चाकांत. बॅटरी मागच्या ट्रेमधून काढून आडवी करून पुढच्या अ‍ॅक्सलच्या वर. त्यासाठी सर्व्होची पट्टी एक भोक पुढे घ्यावी लागली. उरलेला फरक पितळेच्या नकलने (पुढचं चाक ज्यावर वळतं तो भाग) भरून निघाला. आता पुढे १.५५, मागे १.०५, एकूण २.६ किलो. फळीवर ४६ अंश.

त्याच पायरीवर आज संध्याकाळी गाडी गेली. मोटर तीच, बॅटरी तीच, टायर तेच.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. ताई आली, भाचा आला, तो सरळ वर्कशॉपमध्ये. गल्लीतल्या पोरांनी प्रतापगड केलाय, चांगला कमरेइतका, दगड-मातीचा, हळीव पेरून हिरवा केलेला. त्यांची मागणी एकच : गाडी गडावर चढवा. मी नको म्हणत होतो. किल्लेदार (वय सुमारे आठ) म्हणाला, "मामा, मागच्या वाटेनं घ्या, तिकडं दगड हायेत." वाट खरंच नीट होती. गाडी बुरुजापर्यंत गेली, वळताना दोन मावळे आणि एक तोफ आडवी झाली. भाच्याने मावळे उभे करून दिल्यावर तह झाला.

कामाची गोष्ट : ओल्या मातीत स्टिअरिंग पुरतं वळत नाही. चाकं लॉक अ‍ॅक्सलवर, त्यात आता रिंगांचं वजन. आधीचा सर्व्हो ९ किलो-सेंमीचा, प्लॅस्टिक गिअरचा. तो कुरकुरतोय.

१० नोव्हेंबर

२५ किलो-सेंमीचा, लोखंडी गिअरचा सर्व्हो लावला. किलो-सेंमीचा अर्थ बरेच जण धरत नाहीत. आसापासून एक सेंमीवर २५ किलो. आपला हॉर्न, म्हणजे सर्व्होच्या आसावरचा दांडा, दोन सेंमीचा, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या लिंकवर साडेबाराच. हॉर्न लांब घेतला की चाक जास्त वळतं पण जोर कमी, आखूड घेतला की उलट. म्हणून खोक्यावरचा आकडा बघून खूश व्हायचं नाही, हॉर्नची लांबी बघायची.

१७ नोव्हेंबर

नवा आजार. गाडी कातळात अडकली, स्टिअरिंग पूर्ण वळवलं, थ्रॉटल दिला आणि सगळं मेलं. दोन सेकंदांनी आपोआप जिवंत. मोकळ्यावर कधीच होत नाही. रस्त्यावर प्रचाराच्या रिक्षा कर्णे लावून फिरत होत्या, भाच्याचं मत त्यांच्यामुळेच सिग्नल जातोय. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा, त्याला भोंग्याचं काय?

चाक दगडात रुतलेलं असताना सर्व्हो वळायला बघतो आणि त्याची आतली मोटर जागची हलत नाही. फिरणारी मोटर उलटा व्होल्टेज तयार करून करंटला आवर घालते, अडकलेली मोटर म्हणजे नुसती तार. मिळेल तेवढा करंट ओढते. सर्व्होला आणि रिसीव्हरला वीज देणारा ईएससीतला बीईसी ६ व्होल्ट, ३ अँपिअरचा. मीटर मिनिमम होल्डवर (सगळ्यात खालचा आकडा धरून ठेवतो) लावून दगडात चाक दाबलं : ६ वरून थेट ३.९. रिसीव्हर एवढ्यात रीसेट होणारच. नवा सर्व्हो जोरकस म्हणूनच हे सुरू झालं, जुना एवढा ओढत नव्हता.

उपाय : वेगळा बीईसी थेट बॅटरीवरून, ६ व्होल्ट. ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या तीन वायरींतली लाल वायर प्लगमधून सुईने काढली, टोकाला टेप गुंडाळून बाजूला बांधली. ती तशीच राहिली तर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात. काळी आणि सिग्नलची जागेवर. त्यानंतर तोच दगड, तेच दाबणं : ५.८ च्या खाली गेलं नाही.

८ डिसेंबर

थंडीत कातळ कोरडा, पकड उत्तम, त्यामुळे मोडतोडही जास्त. टायर घसरत होता तोवर सगळं सांभाळून जात होतं. आता घसरत नाही, मग जोर दुसरीकडे निघतो.

क्रम लिहून ठेवतो. सर्व्हो तगडा केला तर प्लॅस्टिकचा हॉर्न सोलला. ॲल्युमिनियमचा हॉर्न लावला तर दोन चाकांना जोडणारा टाय रॉड वाकला. रॉड जाड केला तर सर्व्होची पट्टी हलायला लागली. तिकडे पिनियन १४ वरून १२ वर आणला (एकूण ४५.५, ताशी साडेचार किलोमीटर), चढ अलगद व्हायला लागला आणि मागचा प्लॅस्टिकचा प्रोपेलर शाफ्ट पिळून निघाला. स्टीलचा शाफ्ट मिळतो. पण मग पुढचा नंबर अ‍ॅक्सलमधल्या ८ दातांच्या पिनियनचा. तो बदलायला अख्खा अ‍ॅक्सल उघडावा लागतो, बेअरिंग, शिम, ग्रीस, सगळा संध्याकाळभराचा कारभार.

म्हणजे एक भाग मजबूत केला की मोडणं पुढच्या भागावर सरकतं. सगळंच लोखंडी करणाऱ्यांची गाडी शेवटी तिथे मोडते जिथे हात पोचत नाही. पंपाच्या पेटीत फ्यूज असतो तो याचसाठी, वाइंडिंग जळण्याआधी तार जावी. तेव्हा कुठे मोडायचं ते मीच ठरवलं : स्टिअरिंगमध्ये हॉर्न परत प्लॅस्टिकचा, पुढचा शाफ्ट प्लॅस्टिकचा, मागचा स्टीलचा. दोन्ही कच्चे भाग उतारावर बसल्या जागी एका ॲलन कीने बदलता येतात आणि चहापेक्षा फार महाग नाहीत.

चढताना पुढचं एक चाक उगाच उचललं जातं तेही याच जोराचं दुसरं रूप. शाफ्टचा पीळ सलग अ‍ॅक्सलमधून चॅसिसला एका बाजूला ढकलतो. एका शॉकची प्रीलोड (स्प्रिंग दाबणारी) रिंग दोन आटे वर घेतली. पूर्ण गेलं नाही, पण खुपत नाही एवढं झालं.

२२ डिसेंबर

टायर. सगळ्यात आधी हेच बदलायला हवं असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते खरं आहे. मी वजनाआधी बदलले नाहीत, कारण दोन बदल एकदम केले की श्रेय कुणाचं कळत नाही.

मूळचे टायर टणक. नखाने दाबले तर खूणही उमटत नाही. नवे मऊ रबराचे, १.९ इंची रिमचे, बाहेरचा व्यास जुन्याएवढाच. खरी गोम आतल्या फोमची. पुढे मऊ फोम, म्हणजे टायर दगडाला कवटाळतो. मागे जरा घट्ट, नाहीतर चढावर मागची बाजू बसते आणि केलेली सगळी वजनवाटणी वाया. रिमला हवेचं बारीक भोक हवंच. ते नसलं की टायर फुग्यासारखा टणक राहतो आणि मऊ रबर घेऊन काही उपयोग नाही.

मऊ टायर डांबरावर भराभर झिजतात. गाडी हातात धरून न्यायची, उतारावर ठेवायची. भाचा घरापासून चालवत नेणार होता. नाही म्हटलं.

१२ जानेवारी २०२५

माहुलीला. गोटे गुळगुळीत, वर शेवाळ, इथे कुणाचाच टायर धरत नाही. वजन आणि संथपणा, एवढंच चालतं. ड्रॅग ब्रेक शंभर टक्क्यांवर केला. ट्रिगर सोडला की गाडी जागच्या जागी थांबते, उतारावरही. तो कमी असताना गोट्यांवरून घरंगळत होती.

पाणी चाकाच्या मध्यापर्यंतच. ईएससी वॉटरप्रूफ आहे, रिसीव्हर रबरी गॅस्केटच्या डबीत, वायरी बाहेर येतात तिथे सिलिकॉन ग्रीस. ब्रशची मोटर पाण्यात चालते, पण आल्यावर तिची सेवा करावी लागते : ब्लोअरने सुकवायची, दोन्ही टोकांच्या बुशला तेलाचा एकच थेंब. जास्त झालं तर तेल कॉम्युटेटरवर जातं, त्यात कार्बनची पूड मिसळते आणि काळा चिखल होतो. गिऱ्हाईक असं करून पंप घेऊन येतात, त्यामुळे ते दृश्य रोजचंच.

संगमाच्या देवळांच्या बाजूला गेलो नाही. घाटाच्या पायऱ्या चढायला मोह होतो, पण लोक तिथे ज्या कामाला आलेले असतात त्यांच्यापुढे गाडी फिरवणं बरं दिसत नाही.

२६ जानेवारी

चाळकेवाडी. वारा एवढा की बॉडी उडू नये म्हणून क्लिपांना दोरा बांधला. जांभ्यावर गाडी आजपर्यंतची सगळ्यात चांगली चालली. खडबडीत दगड, मऊ रबर आणि पुढचं वजन यांचं जमलं.

परत येऊन चाकं फिरवली तर पुढचं डावं कर्रकर्र. बेअरिंग काढलं, पत्र्याच्या झाकणाचं होतं. आत लाल गंध झालेला. पेट्रोलमध्ये धुतलं, बोटावर फिरवलं, खडखड गेली नाही. चारही चाकांना रबरी सीलची बेअरिंग घातली. ती जरा जड फिरतात, पण वेग हवाय कुणाला? गाडी पाण्याच्या फवाऱ्याने धुवायची नाही. फवारा धूळ बाहेर काढत नाही, सीलच्या आत ढकलतो. रंगाचा सुका ब्रश, मग ब्लोअर.

२ फेब्रुवारी

भाच्याला आता ब्रशलेस मोटर हवीय, मित्राकडे बघितली म्हणे. उत्तर दिलंय : सेन्सरवाली (आतला रोटर कुठे आहे ते ईएससीला कळवणारी) असेल तर विचार करू. बिनसेन्सरची मोटर अगदी संथ वेगाला अडखळते आणि आपलं सगळं काम तिथेच आहे. आणि जोर वाढला की ८ डिसेंबरची नोंद पुन्हा पहिल्यापासून.

खोक्यात स्पेअर : पुढचे शाफ्ट, सर्व्हो हॉर्न, पिनियन ११ आणि १२ चे, बेअरिंगचा एक संच, बॉडी क्लिपा (या कशा हरवतात देव जाणे). मागच्या अ‍ॅक्सलचं ३० आणि ८ चं गिअर-जोड मागवलंय, पण आताचं वाजायला लागेल तेव्हाच अ‍ॅक्सल उघडायचा.

परीक्षा होईपर्यंत गाडी बंद. दोन्ही लिपो बॅटऱ्या सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून फरशीवर, पत्र्याच्या डब्यात, झाकण सैल. भरून ठेवल्या की फुगतात. डब्याची किल्ली ताईकडे.